प्रकार की श्रेणी?

पार्किन्सन्सच्या, म्हणजेच कंपवाताच्या, एका रुग्णाचा हात सतत थरथरतो, पण दहा वर्षांनंतरही तो आपले व्यवहार सांभाळतो. दुसऱ्याला कंप जवळजवळ नसतोच. मात्र तीन-चार वर्षांतच त्याचा तोल जाऊ लागतो, स्मृती क्षीण होते. दोघांच्या आजाराला नाव एकच. या एका नावाखाली किती प्रकार दडले आहेत, हा प्रश्न जुनाच आहे. १९९० मध्ये यान्कोविच आणि सहकाऱ्यांनी 'कंपप्रधान' आणि 'तोल-चाल बिघडलेला' असे दोन गट सुचवले. २०१७ मध्ये फेरेश्तेहनेजाद आणि सहकाऱ्यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात तीन गट मांडले. त्यांचीच येथे तपासणी करू.

या संशोधकांनी हालचालींबरोबरच बुद्धी, झोपेतील विकार आणि रक्तदाब, पचन यांसारख्या अनैच्छिक क्रियांतील बिघाडही मोजला. ४२१ नव्या रुग्णांपैकी २२३ सौम्य, १४६ मध्यम आणि ५२ वेगाने बिघडणाऱ्या गटात आले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, कारण कंपवात हा केवळ हातापायांचा आजार नाही. शिवाय भाकीतही खरे ठरले. लंडनच्या मेंदूपेढीतील १११ रुग्णांच्या जुन्या नोंदी याच निकषांनी २०१९ मध्ये तपासल्या गेल्या. निदानानंतर सौम्य गटातील रुग्ण सरासरी सुमारे २० वर्षे जगले होते, तर तिसऱ्या गटातील सुमारे ८ वर्षे.

आता आक्षेप. गटांच्या सीमा कशा ठरल्या? एखाद्या मापनात जो रुग्ण इतर तीन-चतुर्थांश रुग्णांपेक्षा वाईट, तो सीमेपलीकडचा. शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. वर्गातील वरच्या पंचवीस टक्क्यांना आपण 'हुशार' म्हणतो. वर्ग बदलला की 'हुशार' कोण हेही बदलते. अशी विभागणी उपयोगी असते, पण तिला 'श्रेणी' म्हणावे, 'प्रकार' नव्हे. त्याच मेंदूपेढीच्या अभ्यासात मृत्यूसमयी मेंदूतील लुई पिंडांचा प्रसार तिन्ही गटांत सारखाच आढळला. म्हणजे मुक्काम एकच, फरक वेगाचा. जुन्या दोन गटांची स्थिती तर आणखी डळमळीत होती. २०१६ च्या एका पाहणीत 'तोल-चाल' गटातील ३९ टक्के रुग्ण एका वर्षातच गटाबाहेर गेले. आंब्याचा फणस होत नसतो!

हा केवळ शब्दांचा वाद आहे काय? नाही. अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाविरुद्धच्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्षभरानंतर दोन्ही अपयशी ठरल्या. औषधच निरुपयोगी होते, की मंद गतीच्या रुग्णांत वर्षभरात फरक दिसणे मुळातच अशक्य होते? गट चाचणीआधी ठरवले तर याचे उत्तर मिळू शकते. निकाल लागल्यावर अनुकूल गट शोधणे म्हणजे बाण लागला तिथे वर्तुळ काढणे. आणि रुग्णाच्या दृष्टीने पाहिले, तर 'वेगाने बिघडणारा' असा शिक्का बसूनही त्याचे मुख्य औषध लेव्होडोपाच राहते. उपचार न बदलणारा शिक्का जपूनच मारायला हवा.

खऱ्या प्रकारांचा माग कारणांत लागेल. २०२३ मध्ये मेंदू-मज्जाद्रवातील अल्फा-सायन्यूक्लीन ओळखणारी एक कसोटी मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. एकूण रुग्णांत सुमारे ८८ टक्के जणांत ती होकारार्थी आली, पण एलआरआरके२ जनुकातील दोष असलेल्या रुग्णांत केवळ सुमारे ६८ टक्के. म्हणजे या गटातील काहींचा आजार मुळातच वेगळ्या वाटेने येत असावा. इथे सीमा शेजारच्या रुग्णावरून ठरलेली नाही. ती पेशीतील घडामोडींवरून ठरली आहे.

२०१७ चे वर्गीकरण टाकाऊ नाही. गती सांगणारी ती चांगली मोजपट्टी आहे, आणि चाचण्यांची आखणी करताना तिचा वापर व्हायलाच हवा. फक्त मोजपट्टीला नकाशा समजू नये. वर्गात वर्गीकरण शिकवताना विद्यार्थ्यांना हा एक प्रश्न जरूर विचारायला लावावा : ही रेघ निसर्गाने ओढली आहे, की आपण?