सहलीचा निबंध

दलित मुलाला शाळेची पायरी चढू द्यायची की नाही, हा वाद जुना आहे. मुंबई इलाख्यात 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो सरकारने नाकारला. 1858 मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर झाले. आणि 9 फेब्रुवारी 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने वंचितांसाठीच्या 25 टक्के जागा देण्याचे कारण नाही! मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी हा बदल रद्द केला. निकालाचे स्वागतच आहे. पण आपली चर्चा पायरीपाशीच थांबते. पायरीच्या आत काय घडते, ते आपल्या आत्मकथनांनी सांगून ठेवले आहे. ते आपण नीट वाचलेले नाही.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (1984) घ्या. आरंभीच शाळेची सहल आहे. सवर्ण मुले वेगळी जेवतात, महारांची मुले वेगळी. सवर्णांचे उरलेसुरले अन्न यांच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला सुरुवातच सुचत नाही.

हा प्रसंग भुकेचा म्हणून वाचला जातो. भूक आहेच. परंतु माझ्या मते खरा घाव निबंधाचा आहे. मुलगा हजेरीपटावर आहे, सहलीलाही नेलेला आहे. आजच्या सरकारी भाषेत त्याचे ‘समावेशन’ पूर्ण झाले. विषय सर्वांना एकच, म्हणजे समताही झाली. ज्याने उष्टे खाल्ले त्याने सहलीच्या आनंदाचे वर्णन करायचे, आणि जमले नाही तर तो कच्चा.

मी ‘दिवाळीची सुट्टी’ या विषयावर लिहिले होते. सुट्टी आईबरोबर उसाच्या फडात गेली होती. वहीत मी मातीचा किल्ला केला, फराळ खाल्ला. दहापैकी सात गुण मिळाले. घरातला पहिला पदवीधर झालो तो असे खोटे लिहायला शिकून, हे सांगायला आज लाज वाटत नाही. लाज वेगळ्या गोष्टीची वाटते. प्राध्यापक झाल्यावर मीही कित्येक वर्षे ‘अक्करमाशी’वर ‘लेखकाची जिद्द स्पष्ट करा’ हाच प्रश्न काढला. जिद्द म्हटले की शाळा सुटते, आरोपी उरतच नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात भेदभावाला मनाई आहे, मानसिक छळालाही आहे. पण मोजदाद होते ती प्रवेशांची आणि शाळांना द्यायच्या फीच्या परताव्याची. तीही आठवीपर्यंत, नववीची फी पुन्हा आईबापांच्या गळ्यात. वर्गात कोणाचे जगणे निबंधाला लायक ठरते, यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. आणि तो रकाना अधिकारी भरतील, अशी आशा करण्यात अर्थही नाही. ते काम शिक्षकांचे, म्हणजे आता आपल्यापैकी अनेकांचे आहे.

गेल्या सत्रात अंतर्गत परीक्षेत मी प्रश्न बदलला: ‘मुलाला सहलीचा निबंध का लिहिता आला नाही?’ बहुतेकांनी सवयीने जिद्दच लिहिली. एका विद्यार्थिनीने उत्तराऐवजी स्वतःच्या शाळेतल्या सहलीचा निबंध लिहून दिला, तीन पाने. त्याला गुण कोणत्या निकषावर द्यायचे, ते आमच्या विभागात अजून ठरलेले नाही.