नऊ की दहा?

चहात आलं घालावं की वेलदोडा, यावरून दुरावलेले मित्र मी पाहिले आहेत. परंतु इलेक्ट्रिक गिटारला कोणत्या तारा लावाव्यात यावर माणसे ज्या त्वेषाने बोलतात, तो त्वेष मी यापूर्वी फक्त आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीवरून पाहिला होता.

या वादात मी पडलो तो अपघाताने. चिरंजीव नोकरीसाठी जर्मनीला गेले आणि त्यांची गिटार कपाटावर राहिली. मी बँकेतून निवृत्त झालो आणि घरात राहिलो. दोघांवरही धूळ बसू लागली तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, निदान तिला तरी खाली काढा."

काढली. मुंबईच्या दमट हवेने तारा गंजल्या होत्या. पहिली छेडली, तीच तुटली.

नव्या आणताना मी काटकसर करून स्वस्तातल्या उचलल्या. त्या निघाल्या साध्या गिटारच्या, ब्राँझच्या. रंगाने सोन्यासारख्या, पण इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात लोहचुंबक आणि वेटोळे असते आणि तेच तारेची थरथर टिपते. त्याला पोलाद कळते, निकेल कळते. ब्राँझ कळत नाही. त्यामुळे बारीक तारा ओरडू लागल्या आणि जाड तारा कुजबुजू लागल्या. आमच्या घरी मी आणि नातेवाईक बोलत असल्यासारखे वाटले.

रविवारी चिरंजीवांनी फोनवरून निकाल दिला, "बाबा, निकेलच्या घ्या. आणि दहाच्या घ्या. नऊच्या काय, लहान मुलं लावतात!"

दहा म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाचे हजार भाग करून त्यातले दहा. दहाच्या नेहमीच्या संचात शेवटची तार 46 ची असते, नऊच्या संचात 42 ची. नऊ आणि दहा यांत फरक 0.025 मिलिमीटरचा, डोळ्यांना तो दिसतही नाही. पण ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. त्याच सुराला लावलेल्या नऊच्या तारेचा ताण दहाच्या तारेच्या 81 टक्केच भरतो. हा हिशेब मी बँकेच्या सवयीने दोनदा तपासला. बोटांनी तो एकदाच तपासला आणि संप पुकारला. तार बाजूला ओढून सूर चढवायचा, म्हणजे आपली सतारीवरची मींडच. ती घेताना सूर चढण्याऐवजी माझ्या भुवया चढत. सांधे सुजले. डॉक्टर म्हणाले, "संधिवात आहे. हे वाद्य सोडलंत तर बरं."

आता थोडी समीक्षा. जाड तारांचे गुण मी नाकारत नाही. त्यांच्या आवाजाला वजन असते, जोरात छेडल्या तरी सूर ढळत नाही, गिटार खालच्या सुरात लावली तरी त्या लोंबत नाहीत. पण त्यांचे भक्त त्यांची महती सांगतात ती नीतिशास्त्रातली. औषध कडू, म्हणून गुणकारी. तार जाड, म्हणून वादक सच्चा! पुरावा म्हणून स्टीव्ही रे व्हॉनचे नाव घेतात. तो तेराची तार लावायचा. तो गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा आणि सोललेल्या बोटांना सुपरग्लू लावून वाजवायचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

उलट बाजूचे साक्षीदारही ऐका. झेडझेड टॉपचा बिली गिबन्स सातची तार लावतो. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोके 1965 मध्ये कारखान्यातल्या यंत्रात गेली. त्याने प्लॅस्टिकची टोपणे बनवून बोटांना चढवली, हलक्यात हलक्या तारा लावल्या आणि 1970 मध्ये ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी काढली. रॉक संगीतातला तो भलाथोरला जड आवाज हलक्या तारांतून आला! आणि कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉल या दुकानदाराने नवशिक्या पोरांना तिसरी, जाड तार दाबताना रडकुंडीला आलेले पाहिले, म्हणूनच 1962 मध्ये त्याने 'स्लिंकी' नावाच्या हलक्या तारा विकायला काढल्या. त्याने पोरांना व्यायाम सांगितला नाही, तार बदलली.

मीही बदलली. नऊच्या लावल्या. ताण कमी झाल्यावर गिटारची मान सरळ झाली आणि तारा पडद्यांवर झणझणू लागल्या. कारागिराकडून तो दोष काढून घ्यावा लागला. पण बोटे कामावर रुजू झाली. डॉक्टरांना मी काही सांगितले नाही. मुलालाही नाही.

दिवाळीत तो आला. गिटार मांडीवर घेतली, एक तार ओढली आणि थांबला.

"बाबा, नऊच्या?"

"नऊच्या," मी गुन्हा कबूल केला.

त्याने माझ्या बोटांकडे पाहिले, काही बोलला नाही. तासभर वाजवत बसला.

तो परत गेल्यावर टेबलाचा खण उघडला. आत तारांची चार नवी पाकिटे होती. चारही नऊची.