फॅमिलीच्या दाराआड

लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरचा 'द ईगल' हा साधा पब १९९१ साली डेव्हिड आयर आणि माइक बेलबेन यांनी घेतला आणि तिथं मन लावून स्वयंपाक सुरू केला. 'गॅस्ट्रोपब' हा शब्द त्यानंतर रुळला. शेजारपाजारच्यांनी यावं, पेला घ्यावा किंवा न घ्यावा, पण नीट जेवून जावं, एवढंच त्यामागचं म्हणणं.

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावांच्या मुलखात याचा जवळचा नातेवाईक म्हणजे 'फॅमिली रेस्टॉरंट व परमिट रूम'. यातला परमिट शब्द १९४९च्या दारूबंदी कायद्यातून आला. आजही कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत मिळतो. तो मागतं कोण, हा भाग वेगळा. पण पिणं म्हणजे सवलतीनं केलेला गुन्हा, ही भावना त्या खोलीत मुरलीय. काळ्या काचा, मिणमिणते दिवे, पाठीएवढ्या उंच फळ्या.

त्याचा पहिला फटका बसतो तो रश्श्याला. भाजलेलं खोबरं, दगडफूल, खसखस घालून केलेला काळा मसाला हे मराठवाड्याच्या स्वयंपाकाचं खरं धन. त्याची चव हळूहळू उलगडते. परमिट रूमच्या मटणात मात्र तो बोटभर तर्रीखाली बुडालेला असतो. मीठ चढं, तिखट चढं, कारण दुसऱ्या पेगनंतर जीभ बधिर होणार हे गृहीतच. म्हणजे जेवणालाही चखण्याचे नियम. भाकरी तेवढी शाबूत राहते. ज्वारीवर तर्रीचं काही चालत नाही.

दुसरी गोष्ट पाटीवरच्या पहिल्या शब्दाची. 'फॅमिली'साठी बाजूला पडदा लावलेली खोली असते आणि बहुधा ती रिकामी असते. गावातल्या बाईचा या धंद्याशी उघड संबंध येतो तो 'आडव्या बाटली'च्या मतदानात: निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की गावातलं दुकान बंद. तिचा राग रास्तच आहे. पगार कुठं जिरतो हे तिला ठाऊक असतं. पण ज्या गावात बाहेर बसून बरं मटण खायची जागा मुख्यतः तीच, तिथं त्या चवीवरही निम्म्या गावाचा हक्क उरत नाही.

काचा पारदर्शक केल्या, दिवे लावले, तर्री निम्मी केली, तर धंदा बसेल असं मालक मंडळी सांगतात. करून पाहिलंय कुणी?