पाहुणा, यजमान आणि प्रश्न : सेवाग्रामच्या संदर्भात मराठी दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमांचा विचार

घरी येणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पाहुणा, अतिथी, अभ्यागत, आगंतुक, सोयरा असे अनेक शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाचा मान वेगळा आहे. त्यांपैकी ‘अतिथी’ या शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाची ठरते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते, तो अतिथी. या कसोटीवर दूरचित्रवाणीच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात येणारी व्यक्ती अतिथी ठरत नाही. चित्रपट ज्या शुक्रवारी प्रदर्शित व्हावयाचा असेल, त्याच्या आधीच्या आठवड्यात ती येते. तिची तिथी वितरक, वाहिनी आणि जाहिरात विभाग यांनी मिळून ठरविलेली असते. तरीही कार्यक्रमात तिचा उल्लेख ‘आजचे आपले पाहुणे’ असाच होतो आणि प्रेक्षकही तो निमूटपणे स्वीकारतात.

या शब्दयोजनेकडे केवळ उपचार म्हणून पाहून चालणार नाही. आपल्याकडे आतिथ्याचे काही संकेत आहेत. यजमानाने पाहुण्याला अवघडवू नये, जेवणाऱ्याला त्याची मिळकत विचारू नये, घरातले भांडण त्याच्यासमोर काढू नये, हे शिष्टाचार मराठी घरात लहानपणीच शिकविले जातात. मुलाखतकाराचे काम मात्र नेमके अवघड विचारण्याचे आहे. एकाच माणसाला यजमान आणि प्रश्नकर्ता अशा दोन्ही भूमिका दिल्या की त्या एकमेकींच्या आड येतात. मराठीतील गप्पांच्या कार्यक्रमांनी गेल्या पाच दशकांत हा पेच कसा सोडविला किंवा टाळला, हे पाहण्यासाठी एक मापदंड हवा. तो वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर उपलब्ध आहे.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगाव येथे राहावयास आले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या या वस्तीला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. पुढील दहा वर्षांत येथे आलेल्या पाहुण्यांची यादी देशाच्या इतिहासाची एक नोंदवहीच आहे. त्यात बोलावून आलेले होते, न बोलावता आलेले होते आणि ज्यांना कोणीही दारात उभे केले नसते असेही होते. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री १९३९ मध्ये आश्रमात आले, ते खऱ्या अर्थाने अतिथी होते. त्यांच्यासाठी बापूकुटीच्या जवळच स्वतंत्र कुटी झाली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. ती कुटी आजही दाखविली जाते.

प्रस्तुत विवेचनासाठी मात्र दुसरा एक पाहुणा अधिक उपयोगी आहे. अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून १९४२ मध्ये एक आठवडा सेवाग्रामला राहिले. वर्ध्याच्या जूनमधील उकाड्याने ते इतके हैराण झाले की पाण्याने भरलेल्या टबात खोके ठेवून त्यावर ते बसत आणि समोरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकयंत्र ठेवून आपली टिपणे लिहीत. जेवण आश्रमाचे, दिनक्रम आश्रमाचा आणि गांधीजींशी संभाषण रोज ठरावीक तासाचे. ‘ए वीक विथ गांधी’ या पुस्तकात ही संभाषणे आली आहेत. येथे प्रश्न विचारणारा पाहुणा होता आणि उत्तर देणारा यजमान. दूरचित्रवाणीवरील मांडणीच्या हे नेमके उलट आहे, आणि या उलटापालटीमुळे बराच फरक पडतो. पाहुण्याला यजमानाचे घर दिसते, त्याची भाकरी कोठून येते हे दिसते, आणि त्याविषयी विचारण्याची सवड मिळते.

फिशर यांनी ते विचारलेही. काँग्रेसच्या खर्चाचा किती वाटा श्रीमंत भारतीय उचलतात, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. जवळजवळ सर्वच खर्च त्यांच्याकडून येतो, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. आश्रमाला जमीन देणारे जमनालालजी त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला निवर्तले होते. अवघ्या चार महिन्यांनी, त्याच जमिनीवर बसून हा प्रश्न विचारला गेला आणि त्याला बगल दिली गेली नाही. ब्रिटिश सत्ता गेली तरी दोस्तराष्ट्रांच्या फौजा युद्धासाठी भारतात राहू शकतील काय, यावरही फिशर यांनी पुनःपुन्हा छेडले, आणि त्या उन्हाळ्यात गांधीजींची या प्रश्नावरील भूमिका अधिक स्पष्ट होत गेल्याचे दिसते. अर्थात हे वृत्त फिशर यांच्याच लेखणीतून उतरले आहे, हे विसरता येत नाही. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे पाहुण्याने ठरविले. आजच्या कार्यक्रमांत तो अधिकार यजमान वाहिनीच्या संकलन कक्षाकडे असतो.

मराठी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीचे मूळ बहुधा अमेरिकन ‘टॉक शो’मध्ये शोधले जाते. ते अर्धवट खरे आहे. मराठीला प्रकट मुलाखतीची स्वतःची परंपरा होती. व्याख्यानमाला, साहित्य संमेलने आणि गणेशोत्सव यांच्या व्यासपीठांवर ती वाढली. तेथे मुलाखतकार श्रोत्यांचा प्रतिनिधी असे आणि यजमानपद संस्थेकडे असे. सुधीर गाडगीळ यांच्यासारख्या मुलाखतकाराची सहजता या व्यवस्थेतून आलेली आहे. ज्याच्यावर चहापाण्याची जबाबदारी नाही, तो मोकळेपणाने चिमटा काढू शकतो. (आपल्या महाविद्यालयांतील ‘प्रमुख पाहुणे’ नावाची संस्था याच परंपरेची थकलेली शाखा म्हणावी लागेल. तेथे शाल-श्रीफळ आहे, परिचय आहे, आभार आहेत. प्रश्न तेवढे नाहीत.)

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे गांधीजयंतीलाच, सुरू झाले. त्याच वर्षापासून तेथून प्रसारित होऊ लागलेला तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी कार्यक्रम १९९३ पर्यंत चालला आणि चित्रपट कलावंतांशी गप्पा मारण्याचा साचा त्याने घालून दिला. त्या साच्यात कौतुक हा मूळ स्वर होता. मराठी साहित्यविषयक कार्यक्रमांत तोच स्वर आदराचा झाला. या काळात पेच जाणवला नाही, कारण प्रश्नकर्त्याने पेचात टाकावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

खासगी वाहिन्यांच्या आगमनानंतर ही अपेक्षा निर्माण झाली. आयबीएन लोकमत ही वाहिनी २००८ मध्ये सुरू झाली. तिच्यावरील निखिल वागळे यांच्या ‘ग्रेट भेट’मध्ये आस्थेने ऐकण्याची वृत्ती होती, तर त्यांच्याच ‘आजचा सवाल’मध्ये पाहुणा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असे. एकाच निवेदकाला दोन स्वतंत्र कार्यक्रमांत दोन भूमिका वाटून घ्याव्या लागाव्यात, हे पुरेसे सूचक आहे. अवधूत गुप्ते यांच्या ‘खुपते तिथे गुप्ते’ने शीर्षकातच खुपणारे विचारण्याची हमी दिली. जून २०२३ मध्ये या कार्यक्रमाचे तिसरे पर्व राज ठाकरे यांच्या मुलाखतीने सुरू झाले आणि पुढे इतर राजकीय नेतेही त्या खुर्चीत बसले. परंतु खुपणे हा खेळ आहे, असे आधीच जाहीर झाले की पाहुणा त्याची तयारी करून येतो. तेथील राजकीय नेते आईवडील, मैत्री, दुरावा यांविषयी मोकळे होतात. निधी, निर्णय आणि जबाबदारी यांविषयी होत नाहीत. या कार्यक्रमात मन उघडे होते, हिशेबाची वही मिटलेलीच राहते.

‘चला हवा येऊ द्या’ (२०१४–२०२४) या कार्यक्रमाने पेचावर जे उत्तर काढले, ते सर्वांत चतुर आणि सर्वांत देशी होते. समीक्षकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. येथे सूत्रसंचालक नीलेश साबळे यजमानाचे सौजन्य कधी सोडीत नाहीत. अवघडविण्याचे काम थुकरटवाडीतील पात्रांकडे सोपविलेले असते. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे ही मंडळी पाहुण्याची नक्कल करतात, त्याच्या चित्रपटाचे विडंबन करतात, त्याच्या वयावर आणि उच्चारावर बोलतात. तमाशातील सोंगाड्याला जी मुभा असते, तीच ही. राजालाही सुनावण्याचा परवाना सोंगाड्याला असतो, कारण तो गंभीरपणे घेतला जाणार नाही याची हमी असते. गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली या मुभेला आणखी धार देते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यासमोर ती बोली प्रथम हास्यविषय म्हणून येते आणि पाहता पाहता हसणाऱ्याचीच फिरकी घेऊ लागते. विदर्भातील प्रेक्षकाला हे दोन्ही ऐकू येते. स्टुडिओतील पाहुण्याला बहुधा पहिलेच.

या कार्यक्रमातील पत्रवाचन स्वतंत्र विचाराला पात्र आहे. अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र पोस्टमनच्या वेशात सागर कारंडे वाचून दाखवीत. सामान्य, दुर्लक्षित माणसांची बाजू मांडणाऱ्या या पत्रांच्या वेळी सेटवरचा गोंगाट थांबे. पाहुणे ऐकत आणि अनेकदा त्यांचे डोळे भरून येत. मराठी रात्रीच्या कार्यक्रमात पाहुण्याला गप्प बसून ऐकावे लागते, असा हा जवळजवळ एकमेव प्रसंग होय. पोस्टमन हा न बोलावता येणारा माणूस आहे. अतिथी या शब्दाच्या सर्वांत जवळ तोच जातो. मात्र या पत्राची मर्यादाही तेथेच आहे. पाहुण्याने रडावयाचे असते, उत्तर द्यावयाचे नसते. पत्र संपते, टाळ्या होतात, जाहिरात येते. शेतकऱ्याच्या दुःखावर लिहिलेले पत्र वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यातील घरात पाहिले जाते, तेव्हा ऐकणाऱ्याला अश्रूंपलीकडचे काही हवे असते. कार्यक्रमाच्या रचनेत त्याला जागा नाही.

‘होम मिनिस्टर’ (२००४–२०२२) हा रूढ अर्थाने गप्पांचा कार्यक्रम नव्हे आणि त्याची वेळही संध्याकाळची होती. परंतु यजमान-पाहुणा संबंधाच्या दृष्टीने तो टाळता येत नाही. आदेश बांदेकर स्वतः पाहुणे म्हणून प्रेक्षकाच्या घरी जातात, ‘भावोजी’ होतात आणि घरातल्या वहिनींना पैठणी देतात. प्रश्न विचारणारा पाहुणा आहे, म्हणजे रचना सेवाग्रामची. पण हा पाहुणा वाहिनीचे घर पाठीवर घेऊन येतो. दिवाणखान्यात दिवे लागतात, फर्निचर हलते आणि यजमानीणच स्वतःच्या घरात स्पर्धक होते. लग्न कसे जमले, सासूबाईंशी कसे जमते, हे प्रश्न आपुलकीचे आहेत. त्या घरात निर्णय कोण घेते, हा प्रश्न शीर्षकातील विनोदावरच संपतो. तरीही हजारो अपरिचित स्त्रियांना स्वतःच्या आयुष्याविषयी बोलण्याची संधी याच कार्यक्रमाने दिली, हे मान्य करावे लागते. चित्रपट कलावंतांच्या गप्पांत तेवढे नावीन्य क्वचितच आढळते.

यजमानाच्या जागी काही काळ दुसरा बसतो, तेव्हा त्या जागेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे ‘द टुनाइट शो’ चालविला आणि त्यांच्या रजेच्या रात्री पाहुणे सूत्रसंचालक येत. जोन रिव्हर्स १९८३ मध्ये कायमच्या बदली सूत्रसंचालक झाल्या. १९८६ मध्ये त्यांनी प्रतिस्पर्धी वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. कार्सन त्यानंतर त्यांच्याशी कधीही बोलले नाहीत. पाहुण्याने स्वतःचे घर बांधणे यजमानाला मानवले नाही. जागा दिली होती ती सांभाळण्यासाठी, वारसा म्हणून नव्हे.

मराठीत याचे सर्वांत रोचक उदाहरण स्टुडिओबाहेर घडले. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात जागतिक मराठी अकादमीच्या कार्यक्रमात राज ठाकरे यांनी शरद पवार यांची मुलाखत घेतली आणि वृत्तवाहिन्यांनी ती थेट दाखविली. व्यावसायिक मुलाखतकाराच्या जागी एक पक्षप्रमुख बसला होता. त्याला पवारांच्या कारकिर्दीची माहिती होती, व्यंगचित्रकाराची नजर होती आणि सभा जिंकण्याची सवय होती. आर्थिक निकषावरील आरक्षणाविषयीचे पवारांचे उत्तर पुढे बरेच चर्चिले गेले, तेव्हा मुलाखतीतून काही निघालेच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु उद्धव की राज, असे विचारले गेले आणि पवारांनी ठाकरे कुटुंब असे उत्तर देऊन सभागृह हसविले, त्या क्षणी प्रश्नकर्ताच प्रश्नाचा विषय झाला होता. उसन्या यजमानाचे स्वतःचे घर दुसरीकडे असते आणि त्या घराचे हित तो बरोबर घेऊन येतो. एका नेत्याने दुसऱ्याला पक्षाच्या पैशाविषयी विचारणे अशा मांडणीत कठीणच, कारण तोच प्रश्न परत येण्याचा धोका असतो. फिशर यांना तो धोका नव्हता.

‘चला हवा येऊ द्या’ २०२५ मध्ये नव्या पर्वासह परतला, तेव्हा साबळे यांच्या जागी अभिजित खांडकेकर आले. घर तेच, सोंगाडे बव्हंशी तेच, यजमान नवा. विनोदी कार्यक्रमात सूत्रसंचालकाचे काम हसविण्याइतकेच थांबविण्याचे असते. पात्राची मुभा कोठे संपते आणि पाहुण्याचा अपमान कोठे सुरू होतो, ही रेषा साबळे यांनी दहा वर्षांत आपल्या देहबोलीने आखली होती आणि ती लिखित संहितेत सापडत नाही. नव्या यजमानाला ती वारशाने मिळाली असे समजणे चुकीचे ठरेल. ती त्याला प्रत्येक भागात पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत पुन्हा आखावी लागणार आहे.