निरोप, रात्रीची गाडी आणि ‘आम्ही’

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत एकट्याने केलेल्या प्रवासाला विशेष प्रतिष्ठा प्राप्त झालेली आहे. सोबतीने केली ती सहल आणि एकट्याने केला तो खरा प्रवास, असे समीकरण गृहीत धरून संहितांची प्रतवारी लावली जाते. या समीकरणात एका स्थित्यंतराचा विचार राहून जातो. सोबती आपापल्या वाटेने निघून जातात, निवेदक रात्रीच्या गाडीत एकटा चढतो आणि तोवर ‘आम्ही’वर चाललेले निवेदन ‘मी’वर येते. हा केवळ चरित्रात्मक तपशील नव्हे. हा निवेदनाचा पेच आहे. सोबत्यांनी रिकामी केलेली जागा संहिता कशाने भरते, यावरून तिच्यातील एकटेपणाची किंमत ठरवावी लागते.

हा पेच मराठीत अधिक स्पष्टपणे दिसतो. इंग्रजीतील ‘वुई’ किंवा हिंदीतील ‘हम’ जो भेद करीत नाही तो मराठी करते : ‘आम्ही’त श्रोता नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. ‘आम्ही गाडीत बसलो’ असे लिहिणारा प्रवासवर्णनकार वाचकाला फलाटावरच ठेवीत असतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) ‘आम्ही’ हा पतिपत्नींचा आहे. वाचक त्याचा रसिक साक्षीदार असतो, सहप्रवासी नव्हे. सोबती गेल्यावर मात्र निवेदकाला बोलण्यासाठी वाचकाखेरीज कोणी उरत नाही. एकट्याचे निवेदन अधिक जवळिकीचे वाटते, त्याचे श्रेय अनुभवाच्या सखोलतेला दिले जाते. पण निदान काही अंशी ते या व्याकरणाला द्यावे लागेल. शिवाय निरोपापूर्वीचा ‘आम्ही’ एकसंध होता, हेही गृहीत धरता येत नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या ‘परिपूर्ती’तील (१९४९) लेखात पंढरीच्या वाटेवरची दिंडी रंगवली आहे. तिच्यातील ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र चालतात, एकत्र गातात, आणि जेवायला वेगवेगळे बसतात. त्या लेखातील वेदना ही सोबत असतानाच्या विलगतेची आहे.

पायी प्रवासाच्या परंपरेत निरोपाला अवधी असतो. बाशोने १६८९ साली उत्तर जपानचा जो प्रवास केला, त्याच्या वर्णनात यामानाका येथील उष्ण झऱ्यांपाशी त्याचा सोबती सोरा पोटाच्या विकारामुळे त्याला सोडून इसे प्रांतातील नागाशिमाकडे निघतो. दोघेही त्या प्रसंगी कविता रचतात. मात्र त्यानंतरचा बाशो लगेच एकटा होत नाही. कानाझावाहून आलेला होकुशी आणखी काही मजला त्याच्याबरोबर चालतो आणि त्याचाही निरोप त्याच संहितेत पुढे येतो. मध्यंतरी सोरा आदल्या रात्री ज्या मंदिरात उतरला होता, त्याच मंदिरात बाशोचा मुक्काम पडतो. विरह येथे एका रात्रीच्या अंतराने मोजला जातो. वाट तीच असल्यामुळे ते शक्य होते.

आगगाडी ही शक्यताच नष्ट करते. वोल्फगांग शिवेलबुश याने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या रेल्वेप्रवासाच्या इतिहासात दाखवून दिले आहे की, गाडीच्या वेगाने प्रवाशाच्या दृष्टीतून निकटचा परिसर नाहीसा झाला आणि उरलेल्या प्रदेशाला सरकत्या चित्रपटाचे रूप आले. मिशेल द सर्तो यानेही खिडकीची काच आणि लोहमार्ग यांनी बंदिस्त केलेल्या प्रवाशाच्या निश्चलतेचे विवेचन केले आहे. ही दोन्ही विवेचने मुख्यतः दिवसाची आहेत. रात्री काचेत प्रदेश दिसत नाही; डब्यातील दिवा आणि प्रवाशाचा स्वतःचा चेहरा दिसतो. ‘पाहिलेल्याचे वर्णन’ ही या वाङ्मयप्रकाराची रूढ व्याख्या स्वीकारली, तर रात्रीच्या गाडीत वर्णनाला विषयच उरत नाही. ‘दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो’ या वाक्याने कित्येक प्रवासवर्णने ही अडचण ओलांडतात.

पॉल थेरू याचे ‘द ग्रेट रेल्वे बझार’ (१९७५) हे पुस्तक ती ओलांडत नाही, म्हणून ते येथे महत्त्वाचे ठरते. पॅरिसहून इस्तंबूलकडे जाणाऱ्या गाडीत एक वृद्ध इंग्रज त्याच्या डब्यात असतो. इटलीच्या सीमेवरील डोमोदोस्सोला स्थानकावर तो खाद्यपदार्थ घेण्यासाठी उतरतो आणि गाडी सुटते. निरोपाचा शब्दही उच्चारला जात नाही. त्याचे मागे राहिलेले सामान थेरू व्हेनिसला सोपवतो. त्याचे आडनाव मात्र तो पुढे गाडी चुकून मागे राहण्याचे क्रियापद म्हणून वापरतो. सहप्रवाशांना व्यंगचित्राच्या रेषेत बसविण्याची थेरूची सवय पुष्कळदा खटकते, आणि या क्रियापदातही ती आहेच. तरीही रिकामी जागा भाषेत जपून ठेवण्याची ही कृती आहे, हे नाकारता येणार नाही. ‘द किंग्डम बाय द सी’ (१९८३) या पुस्तकात तो त्या वृद्धाच्या गावी जातो, तेव्हा तो वारल्याचे त्याला कळते.

परंतु या संहितेतील मोठा निरोप तिने लपवून ठेवलेला होता. तोच मार्ग बव्हंशी पुन्हा आक्रमून लिहिलेल्या ‘घोस्ट ट्रेन टु द ईस्टर्न स्टार’मध्ये (२००८) थेरू सांगतो की, पहिल्या प्रवासाच्या काळात त्याचा संसार मोडत होता. पहिल्या पुस्तकातील निवेदक स्वतःला हौसेने एकटा निघालेला म्हणून सादर करतो. दुसरे पुस्तक वाचल्यावर सायबेरियातून परतण्याच्या प्रकरणांतील खिन्नतेचा अर्थ बदलतो. एकटेपण हे तेथे शैलीचे आवरण ठरते, आणि अनोळखी माणसांचे अखंड बोलणे त्या आवरणाला दिलेले अस्तर.

भारतीय गाडीत तर असे निवडक एकटेपण सहसा मिळत नाही. डब्याच्या दाराशी एकेकाळी चिकटवलेल्या आरक्षणाच्या तक्त्यावर नाव, वय आणि लिंग यांची नोंद असे. त्या तक्त्याने एका रात्रीपुरता नवा ‘आम्ही’ तयार होत असे. तीन-मजली शयनयानात मधला बाक वर केला की खालच्याला बसता येत नाही, म्हणून झोप हीसुद्धा परस्परसंमतीची बाब होते. निरोपाच्या मराठी रीतीला येथे फारसा अर्थ राहत नाही. मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणे टाळतो. पहाटेच्या स्थानकावर उतरणारा सहप्रवासी कित्येकदा यांपैकी काहीच म्हणत नाही.

‘सोबत’ या शब्दाचे दोन अर्थही येथेच वेगळे होतात. पुरुषाच्या संदर्भात ती संगत असते, स्त्रीच्या संदर्भात ती राखणही असते. म्हणून निघणाऱ्या स्त्रीला ‘सोबतीला कोण?’ असे विचारले जाते आणि त्या प्रश्नाला संगतीचे उत्तर पुरत नाही. इंग्रजीत लिंगनिरपेक्ष असलेला एकटेपणाचा शब्द मराठीत ‘एकटा’ किंवा ‘एकटी’ झाल्यावाचून वाक्यात येत नाही. ‘दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो’ आणि ‘दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले’ ही वाक्ये म्हणूनच समान नाहीत. पहिल्यातील वगळणूक निवेदनाची काटकसर म्हणून वाचता येते. दुसऱ्यात वगळलेली रात्र कदाचित उशाखालच्या पिशवीवर हात ठेवून जागून काढलेली असते, आणि वाचकाने विचारू नये असे काही त्या वाक्याच्या आटोपशीरपणात राखून ठेवलेले असू शकते.