प्रदर्शनाची लिपी : वायमार, १९२३

कलाशिक्षणसंस्थेच्या प्रदर्शनाचा विचार करताना समीक्षकाची दृष्टी सामान्यतः मांडलेल्या कलाकृतींवर स्थिरावते. त्या कलाकृतींपर्यंत प्रेक्षकास आणणारी भित्तिपत्रके, निमंत्रणे व सूचिग्रंथ ही केवळ व्यवस्थेची अंगे मानली जातात. त्यामुळे प्रदर्शनाच्या उभारणीस हातभार लावणारा विद्यार्थी तिच्यातून काय शिकतो, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस या संस्थेने १९२३ साली भरविलेले प्रदर्शन या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हे प्रदर्शन केवळ स्वेच्छेने योजिलेले नव्हते. १९१९ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे थुरिंगिया राज्याच्या शासनाने केलेल्या कार्याचा हिशेब मागितला होता. त्याचे प्रकट रूप घडविण्याचे काम बव्हंशी विद्यार्थ्यांकडे आले. भित्तिपत्रक योस्ट श्मिट याने केले. सूचिग्रंथाचे मुखपृष्ठ हर्बर्ट बायर याने. प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी निघालेल्या वीस पोस्टकार्डांत क्ले व कँडिन्स्की या आचार्यांच्या जोडीस बायरसारख्या विद्यार्थ्यांचीही नावे आढळतात. लक्षणीय गोष्ट ही की, श्मिट काष्ठशिल्पाच्या व बायर भित्तिचित्रणाच्या कार्यशाळेतील विद्यार्थी होता. अक्षरयोजना हा दोघांच्याही नेमलेल्या अभ्यासाचा विषय नव्हता. तो त्यांच्यापुढे आणला प्रदर्शनाच्या निकडीने.

कार्यशाळेत विद्यार्थी द्रव्याशी झुंजतो. प्रदर्शनात त्याची गाठ अपरिचित वाचकाशी पडते. श्मिटच्या भित्तिपत्रकातील तिरकी रचना रस्त्याने जाणाऱ्याची नजर अडविते आणि क्षणार्धात संदेश पोहोचविते. त्यावर छापलेला काळ मात्र जुलै ते सप्टेंबर असा आहे. प्रत्यक्ष उद्घाटन १५ ऑगस्ट रोजी झाले. आयोजनातील ही नित्याची अडचण संदेशाची एक मर्यादाही दाखविते : घोषणा वस्तुस्थितीच्या पुढे धावत असते.

या अनुभवाचे फळ पुढे दृष्टोत्पत्तीस आले. संस्था १९२५ साली डेसाऊ येथे गेल्यावर बायर मुद्रण व जाहिरात कार्यशाळेचा प्रमुख झाला आणि श्मिट अक्षरलेखन शिकवू लागला. त्याच वर्षी बायरने मोठी अक्षरे वर्ज्य करण्याचा पुरस्कार केला. उच्चारात मोठ्या व लहान अक्षरांचा भेद नाही, मग लेखनात तो कशाला, असा त्या भूमिकेचा आशय होता. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी अपुरा आहे. जर्मनमध्ये नामाचे आद्याक्षर मोठे लिहितात ते कानासाठी नव्हे, तर डोळ्यासाठी. त्यायोगे वाक्यातील नाम तत्काळ ओळखू येते. लिपी ही उच्चाराची केवळ प्रतिकृती नसते. मोठ्या-लहान अक्षरांचा भेदच नसलेली देवनागरी वापरणाऱ्या मराठी वाचकास बायरचे म्हणणे स्वाभाविक वाटेल. परंतु ऱ्हस्व-दीर्घाविषयीचे आपल्याकडील वाद आठवल्यास त्यातील उणीव त्याच्या ध्यानी येईल. भिंतीवर दुरून वाचावयाच्या चार शब्दांचा न्याय सलग गद्यास लावला, की अशी एकांगी भूमिका संभवते.

प्रदर्शनाने संस्थेचे वायमारमधील स्थान राखले नाही. १९२४ च्या निवडणुकीनंतर राज्यात सत्तांतर झाले, अनुदानास कात्री लागली आणि स्थलांतर अटळ ठरले. तथापि, आपले काम परक्या डोळ्यांनी पाहण्याची जी शिस्त विद्यार्थ्यांस त्या धामधुमीत लाभली, ती अभ्यासक्रमाने दिलेली नव्हती. पदवीप्रदर्शनाच्या व्यवस्थेस अभ्यासाबाहेरचे काम समजणाऱ्या शिक्षकांनी या उदाहरणाचा विचार करावयास हवा. मात्र त्या शिस्तीचे क्षेत्र कोठे संपते, हे सांगण्याची जबाबदारीही शिक्षकांचीच आहे.