मॉड्यूलचा शोधमार्ग : पर्ल व पायथन यांतील क्रमाची चिकित्सा

आज्ञावलीत 'इम्पोर्ट' असे लिहिल्यावर संगणक ते मॉड्यूल नेमके कोठून आणतो, हा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या तासाला सहसा विचारला जात नाही. पर्ल व पायथन या भाषा फोल्डरांची एक यादी बाळगतात, ती वरून खाली चाळतात आणि ज्या फोल्डरात नाव प्रथम जुळेल तेथेच थांबतात. पर्लमध्ये ही यादी 'आयएनसी' या ॲरेत, तर पायथनमध्ये 'सिस' मॉड्यूलच्या 'पाथ' या सूचीत असते. तिला निव्वळ तांत्रिक तपशील समजणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कोणावर आधी विश्वास ठेवावा, याविषयी भाषेने घेतलेला तो निर्णय आहे.

पर्लने चालू फोल्डर यादीत सर्वांत शेवटी ठेवले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, असाच हा प्रकार. पण अधिकृत मॉड्यूल आधी सापडणार असल्याने तो सुरक्षित वाटे. दोष निघाला तो अधिकृत मॉड्यूल मुळात नसण्याच्या शक्यतेत. अनेक प्रोग्रॅम एखादे ऐच्छिक मॉड्यूल मिळाले तर वापरतात, न मिळाल्यास त्यावाचून चालतात. असा प्रोग्रॅम व्यवस्थापकाने सर्वांना लिहिण्यास मोकळ्या असलेल्या तात्पुरत्या फोल्डरातून चालविला, की शोध वळसा घालून तेथेच येई आणि कोणीही ठेवलेली त्या नावाची फाइल व्यवस्थापकाच्या अधिकाराने चाले. २०१६ मध्ये ही सुरक्षा-त्रुटी म्हणून नोंदली गेली. २०१७ च्या ५.२६ आवृत्तीत चालू फोल्डर मूळ यादीतून वगळण्यात आले. काही जुने प्रोग्रॅम त्यामुळे मोडले. ती किंमत पर्लने मोजली, हे तिच्या बाजूने नोंदवावयास हवे.

पायथनचा क्रम नेमका उलट आहे. प्रोग्रॅमची फाइल ज्या फोल्डरात असेल ते पहिले, भाषेसोबत येणारी मॉड्यूले त्यानंतर आणि बाहेरून बसविलेली साधारणतः शेवटी. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रभू रामचंद्रन यांनी घडविलेले 'मायावी' हे त्रिमित चित्रणाचे पॅकेज या शेवटच्या पायरीवर असते. विद्यार्थ्याने सरावाच्या फाइलला 'मायावी.पीवाय' असे नाव दिले, की त्याची फाइल स्वतःलाच आयात करू पाहते आणि मूळ पॅकेजपर्यंत शोध पोहोचतच नाही.

एका सामायिक फोल्डरात घडलेला प्रसंग याहून बोलका आहे. फाशांच्या खेळाची आज्ञावली एका विद्यार्थ्याने 'रँडम.पीवाय' या नावाने लिहिली, ती चालली नाही म्हणून तो उठून गेला. नंतर त्याच फोल्डरात दुसरीने 'स्टॅटिस्टिक्स' आयात करून गुणांची सरासरी काढावयास घेतली. ते मॉड्यूल स्वतः 'रँडम' मागते. त्याला मिळाली ती पहिल्याची फाइल. सरासरीच्या प्रोग्रॅमवर फाशांच्या ओळीतील चूक इंग्रजीत उमटली. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमतच नाही, असे त्या मुलीने म्हटले. तिची एकही ओळ चुकलेली नव्हती. रावेरसारख्या ठिकाणी, जेथे घरी संगणक नसतो व पुढचा तास आठवड्याने येतो, तेथे असा अपसमज सहज पुसला जात नाही.

पायथनच्या कर्त्यांना हे ठाऊक नाही असे नाही. २०२२ च्या ३.११ आवृत्तीत पहिले फोल्डर वगळण्याचा पर्याय आला, पण तो मागून घ्यावा लागतो. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत अशा प्रसंगी फाइलचे नाव बदलून पाहा, अशी सूचना चुकीच्या संदेशात जोडली गेली. क्रम तसाच राहिला. नवशिक्याला शेजारची फाइल विनासायास मिळावी, ही सोय कबूल. परंतु तिचा भुर्दंड त्याच नवशिक्यावर पडतो.

आपण शिक्षक यात भर घालतो. मॉड्यूल सापडत नाही म्हणताच 'सिस.पाथ.अपेंड' करून त्या यंत्रावरील 'डी' ड्राइव्हचा पूर्ण पत्ता लिहून देण्याचा उपाय मीही वर्षानुवर्षे सांगितला. परीक्षेला शेजारच्या यंत्रावर तो पत्ता नसतो. शिवाय अपेंडने पत्ता यादीच्या तळाशी जातो, म्हणून नावांची टक्कर त्याने सुटतच नाही. प्रत्येक कामासाठी वेगळे आभासी वातावरण करण्याची सोय २०१२ पासून पायथनमध्येच आहे. पण विद्यार्थ्याच्या फाइलचे फोल्डर तेथेही पहिलेच राहते. म्हणून आता पहिल्या प्रात्यक्षिकात मी ती यादीच छापून घेतो आणि कोणती ओळ कोठून आली, हे विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घेतो.